पळायचं काय घालून?

पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन दिवसांवर आली होती आणि विशाखाची आठशे मीटरची धाव तीन मिनिटांच्या खाली यायचं नाव घेत नव्हती. पूर्ण गुण हवेत तर दोन पन्नास. हे दहा सेकंद कुठं अडकलेत हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. ते तिच्या अंगावर होते.

तिची आई भामाबाई रोज पहाटे उस्मानपुऱ्याहून सोबत यायची ती राखणीला. लेकीनं स्वेटर, जर्किन, माकडटोपी यातलं काही काढता कामा नये! बाकीच्या पोरी टी-शर्टवर पळायच्या आणि ही त्यांच्यामागून गाठोड्यासारखी. भरतीचा सराव घेणारे विश्वजीत सर सांगून सांगून थकले होते. "मावशी, पळताना अंग तापतं. निघताना जरा गार वाटलंच पाहिजे."

"गार वाटलंच पाह्यजे? छातीत थंडी भरली तर तुम्ही निस्तरनार का?"

"आई, नापास होईन गं मी!"

"व्हय, पन जित्ती राहशील."

विशाखाचं डोकंच फिरलं. तिनं तिथल्या तिथं स्वेटर, जर्किन, टोपी उतरवून आईच्या अंगावर चढवली. "लई थंडी हाय ना? मंग तूच पळ. एकच चक्कर."

भामाबाई इरेला पेटली. पदर खोचून निघाली. पहिल्या वळणावर टोपी भिरकावली, पुढं जर्किन, आणि अर्ध्या चकरेत स्वेटर ओढून काढत मटकन खाली बसली. "आगं, भट्टी हाय ही! जीव चाललाय माझा!"

विशाखा टी-शर्टवरच रेषेवर जाऊन उभी राहिली. अंगावर काटा आला होता, पण पाय मोकळे होते. सरांनी शिट्टी मारली. दोन चकरा ती जीव खाऊन पळाली.

"दोन एकोणपन्नास!" सर ओरडले.

तिला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात मागून स्वेटर डोक्यात घुसला, वर जर्किन, वर टोपी.

"आई! आता काय?"

"बरोबर केलं मावशींनी," सर म्हणाले. "घामावर वारं लागू द्यायचं नाही. पळून झालं की लगेच घालायचं."

"मी म्हनतच व्हते!" भामाबाई अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि लेकीच्या हनुवटीखाली टोपीचं बटण लावलं.

विशाखानं हात टेकले. उद्या वर्दी मिळाली तरी ही बाई तिच्यावर स्वेटर चढवणार, यात तिला तिळमात्र शंका उरली नाही.