पेटीत एकही हरकत नाही

मित्रांनो, मी भिंतीवर टांगलेली एक जुनी सूचनापेटी आहे आणि आज मला फार भीती वाटते आहे. नंदुरबारच्या वेशीवर मिरची दळण्याचा एक कारखाना आहे, तिथे माझे आयुष्य गेले. पोटात सगळे असून बोलता येत नाही, हे आम्हा पेट्यांचे दुःख.

शौकत मिस्त्रींनी मला तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून घडवले. वरची फट त्यांनी चांगली रुंद ठेवली. कागदाला एवढी कशाला, असे कोणीतरी विचारले, तेव्हा ते नुसते हसले. इथल्या बायकांना ते ओळखून होते. नवापूरच्या डोंगरातून आलेल्या मंगळीबाईंना लिहिता येत नव्हते, त्यांच्या सोबतिणींनाही नाही. त्या माझ्यात वस्तू टाकत. तोंडाला बांधायचे फडके विरले की त्याचा तुकडा टाकत. भिंतीतला पंखा बंद पडला की चिमूटभर मिरचीची पूड. मग मी आठवडाभर आतून भाजत असे, पण मला स्वतःचा अभिमानही वाटे.

जुने मुकादम सुकलालभाऊ दर शनिवारी मला उघडत. एकेक वस्तू टेबलावर मांडून विचारत, "हाई कोन्हं शे?" जिची असे ती पुढे येऊन सांगे. एकदा ग्रीसने माखलेली एक चिंधी निघाली. मंगळीबाई पुढे आल्या.

"मन्हा पदर शे. पट्टानी वढी लिधा. हात वाचना."

दुसऱ्याच दिवशी यंत्राच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी बसली. त्या दिवशी मंगळीबाईंनी उरलेल्या पदराने माझ्यावरची धूळ पुसली. एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

पुढे सुकलालभाऊ थकले आणि सारंगखेड्याला आपल्या घरी गेले. नवे मॅनेजर आले. माणूस सभ्य, सगळ्यांना ताई म्हणतो, पण त्याला फक्त कागद वाचता येतो. माझ्या कुलपाला गंज चढला.

यंदा ते कुलूप उघडले. यंत्रावरची सुरक्षा कमी करायची तर आधी कामगारांना विचारावे लागते. ही विचारण्याची अटच काढून टाकायची, असे दिल्लीत चालले आहे. त्यासाठी कारखान्यांकडून मत मागवले होते. मॅनेजरांनी मला उघडले. आत फडक्याचे तुकडे, एक फुटकी बांगडी आणि पूड.

"कागद एकही नाही," ते कारकून रोशनला म्हणाले. "हा कचरा झाडून टाक आणि लिही, कामगारांची हरकत नाही."

रोशनने तसे लिहिले. मी ओरडले असते, पण मला तोंड आहे, आवाज नाही.

आज दुपारी चहाच्या वेळी टीव्हीवर संसद दिसत होती. एक खासदार म्हणाले, कामगारांची हरकतच नाही, मग ही अट हवी कशाला? बाके वाजली. दुसऱ्या एक खासदार बाई उठून काही सांगू लागल्या, पण गोंगाटात ऐकू आले नाही.

चहाचा ग्लास तसाच हातात धरून मंगळीबाई म्हणाल्या, "आमले कोनी इचारं?"

माझा पत्रा गार पडला.

ती अट काढण्यावर संसदेत मतदान उद्या आहे. जाळीमुळे पट्टा साफ करायला वेळ लागतो, म्हणून मॅनेजरांनी चारपैकी तीन बोल्ट आजच काढून ठेवले. पाळी सुटल्यावर मंगळीबाईंनी ते तिन्ही उचलले आणि एकेक करून माझ्या फटीतून आत सोडले. प्रत्येकाचा आवाज झाला. ऐकायला मी एकटीच होते.

उद्या सकाळी त्या पुन्हा त्याच पट्ट्याजवळ बसतील. जाळी एका बोल्टवर लोंबते आहे. तीन बोल्ट मी पोटाशी धरून आहे आणि झाडू कोपऱ्यात उभा आहे.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणाकडे अशा पेटीची किल्ली येईल. तेव्हा आतले झाडून टाकण्याआधी एकदा विचारा, हे कुणाचे आहे? जिचे असेल ती पुढे येईल. मंगळीबाई अजून इथेच आहेत, आणि अजून त्यांचे दोन्ही हात शाबूत आहेत.