वरचे तीनशे सत्तर

‘‘काका, खरेदी दोन तारखेला करा आणि मग बिनधास्त राहा. पंचेचाळीस दिवस एक पैसा व्याज नाही.’’

मित्रांनो, माणसाच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले वाक्य. मी एक जुने श्रवणयंत्र आहे. तान्हे बाळ जगात येते तेव्हा आधी आईचा आवाज ऐकते. माझ्या वाट्याला हा आवाज आला. राग धरू नये, रागाने आपलेच अंग जळते, हे मला ठाऊक आहे. तरी ते वाक्य आठवले की मी आतून तापतो.

जिथे मी घडलो तिथे पांढरे झगे घातलेल्या बायका डोळ्याला भिंग लावून ओळीने बसत. मोहरीएवढा माझा कान, त्याहून जरासे मोठे माझे तोंड, आणि दोहोंच्या मध्ये नखाएवढी चकती. तीच माझी अक्कल. शेवटी एकीने मला बंद खोलीत ठेवून बारीक-मोठे नाद ऐकवले आणि मी पास झालो. ऐकायला मला तिथे शिकवले. खरे बोलणे कुठले आणि गोड बोलणे कुठले, हे मात्र कुणी शिकवले नाही. ते मी मामांच्या कानामागे बसून शिकलो.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करत. आसपासच्या चार गल्ल्या त्यांना मशीनमामा म्हणत आणि म्हणून त्यांच्या बायकोला मामी. कुठलेही मशीन आले की मामा आधी हत्यार उचलत नसत. चाक फिरवायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. सुई वाकली आहे, शटलमध्ये दोरा अडकला आहे, पट्टा सैल आहे, असे सांगून टाकायचे. उघडून पाहिले की तेच निघे. पण चाळीस वर्षे त्याच खडखडाटात बसून त्यांचे कान मंदावत गेले. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईंचे मशीन त्यांनी नीट करून दिले आणि ते दुसऱ्याच दिवशी परत आले. बाई वाईट नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, की मामा, मशीनचे राहू द्या, आता तुमचीच सर्व्हिसिंग करून घ्या. मामा हसले, आणि घरी येऊन न जेवताच उठले.

म्हणून मामी त्यांना हाताला धरून श्रवणयंत्रांच्या दुकानात घेऊन आल्या. तपासणी झाली, चाचणीसाठी मला त्यांच्या कानामागे बसवले, आणि मामांचा चेहरा असा उजळला की मला वाटले, आपला जन्म सार्थकी लागला. मामींनी डबीवरची किंमत पाहिली. अठ्ठेचाळीस हजार. मामांची मुदत ठेव दोन महिन्यांनी, दहा तारखेला पुरी व्हायची होती. तोवर हात रिकामे. तेवढ्यात दाराजवळच्या टेबलामागून टाय लावलेला बँकेचा एक तरुण उठून आला, आणि त्याने ते वाक्य म्हटले. क्रेडिट कार्ड फुकट, बिल दर महिन्याच्या एक तारखेला, भरायची मुदत सोळापर्यंत. दोन तारखेला घेतलेल्या वस्तूला सगळ्यात जास्त दिवस मिळतात. ते सगळे खरे होते. मित्रांनो, खोटे बोलणाऱ्याचा मला तितका राग येत नाही. अर्धे खरे सांगून गप्प बसणाऱ्याचा येतो.

कार्ड घरी आले. दोन तारखेला मामांनी मला विकत घेतले, वर तीनशे सत्तरची बॅटरीची पाकिटे घेतली.

मग माझे सोन्याचे दिवस आले. मला मशीनची भाषा समजू लागली. मामा पुन्हा डोळे मिटून सांगू लागले आणि पुन्हा तेच निघू लागले. मामींना हळू आवाजात बोलता येऊ लागले, आणि त्यांना कळले, की आपण दहा वर्षे ओरडतच संसार केला. त्या माझ्यावर लटक्या रागावत. चाळीस वर्षे मी बोलतेय ते यांना ऐकू गेलं नाही, आणि हे बघा, कानामागून आलं आणि तिखट झालं, असे शेजारणीला सांगत. ते ऐकून मी नुसता फुगायचो.

एक तारखेला बिल आले. अठ्ठेचाळीस हजार तीनशे सत्तर. दहा तारखेला ठेव पुरी झाली. अकराला सकाळीच मामा बँकेत गेले, मुदतीच्या पाच दिवस आधी, कारण उधारी डोक्यावर असली की त्यांना घास गोड लागत नसे. तिथे त्यांनी अठ्ठेचाळीस हजार भरले.

आणि वरचे तीनशे सत्तर बाकी ठेवले.

तुम्ही म्हणाल, का? तर मामांची ती आयुष्याची रीत होती. काम चारशे वीसचे झाले तर ते चारशेच घेत; ‘वरचे राहू दे’ म्हणत. सुयाबॉबिनवाला दुकानदारही त्यांच्याशी तसेच वागे. वरचे पुढच्या वेळी द्या म्हणे, आणि पुढच्या वेळी दोघेही विसरत. बाजारात माणसे अशीच एकमेकांना धरून राहतात. मामांना वाटले, बँकही कुणाची तरी असेलच. एवढे मोठे देणे एकरकमी, वेळेआधी दिले, तर वरचे तीनशे सत्तर पुढच्या बिलात घेईल. तेराला त्यांनी त्याच कार्डावर सहा हजारांचे सुटे भाग आणले. पंचेचाळीस दिवस आहेतच की!

पुढच्या एक तारखेला दुसरे बिल आले. मामा ते हातात धरून उभेच राहिले. तीनशे सत्तर राहिलेले, सहा हजार नवे, आणि खाली एक ओळ. व्याज, दोन हजार तीनशे एकोणसाठ.

तीनशे सत्तर बुडवले असते तरी एवढे व्याज कुठल्या सावकाराने लावले नसते. मामांनी मामींना काही सांगितले नाही. बिल घडी करून बॉबिनच्या खणात टाकले. मग मला कानामागून काढले, डबीत ठेवले, डबीही त्याच खणात. बॅटरीचा खर्च नको, आणि महिनाअखेर दुकानात परत द्यायचे, अर्धी किंमत तरी येईल, असे ते स्वतःशीच पुटपुटले. माझ्यापायी हे झाले, असे त्यांना वाटत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्या अंधाऱ्या डबीत बॉबिनच्या वासात मी पाच दिवस पडून होतो. मला ऐकू येत नव्हते, याचे दुःख कमी होते. ते पुन्हा डोळे मिटून चाक फिरवत असतील आणि त्यांनाही काही ऐकू येत नसेल, याचे जास्त होते.

सहाव्या दिवशी खण उघडला तो मामींनी. हाका मारून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी डबी पाहिली, बिल पाहिले, चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग मला मामांच्या कानामागे खोचले, पहिले वाक्य त्यांना नीट ऐकू जावे म्हणून.

‘‘दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला,’’ मामी म्हणाल्या. ‘‘याला कशाला कोंडलंत? फोन लावा बँकेला.’’

फोन लागला. बराच वेळ बासरी वाजली, मग एका मुलीचा मऊ आवाज आला. मामांनी सगळे सांगितले. ती प्रत्येक वाक्यानंतर ‘मी समजू शकते, सर’ म्हणत होती, आणि तिला काही समजून घ्यायची मुभा नाही, हे मला तिच्या श्वासावरून कळत होते.

‘‘बाई, तीनशे सत्तर राहिले माझ्याकडून,’’ मामा म्हणाले. ‘‘चूक कबूल. त्यांचं काय व्याज होईल ते घ्या.’’

‘‘सर, पूर्ण रक्कम भरली नाही तर बिनव्याजी मुदत मिळत नाही. मग व्याज सगळ्या रकमेवर लागतं, खरेदीच्या दिवसापासून.’’

‘‘सगळ्या म्हणजे? अठ्ठेचाळीस हजार तर मी मुदतीआधी भरले.’’

‘‘तुम्ही भरेपर्यंतच्या चाळीस दिवसांचं लागलं, सर. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी. आणि नव्या सहा हजारांना आता मुदत नाही. त्यांचं घेतल्या दिवसापासून. सहाव्या पानावर छापलेलं आहे.’’

मित्रांनो, तेव्हा मी कर्कश शिट्टी वाजवली. आमच्या जातीला राग असाच काढता येतो. पंचेचाळीस दिवस ही भेट नव्हती, अट होती! शेवटचा पैसा भरलात तर ते दिवस तुमचे. एक पैसा राहिला तर ते दिवस मुळात कधी नव्हतेच, मागे जाऊन पुसून टाकतात. दिलेला दिवस परत कसा घेता येतो? घालवलेला दिवस माणसाला देवही परत देत नाही. आणि ही गोष्ट टाय लावलेल्या मुलाने दाराशी उभे राहून मोठ्याने का नाही सांगितली? सहाव्या पानावर, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत का? पहिल्या बिलावर सगळ्यात ठळक काय छापले होते, सांगू? ‘किमान भरणा, दोन हजार चारशे एकोणीस’. जो आकडा भरला की माणूस गाळात जाईल, तो ठळक. जो भरला की सुटेल, तो साधा. हे करणाऱ्याच्या घरी म्हातारे आईवडील नसतील का?

मामांनी मला काढून पुसले, पुन्हा लावले. पलीकडे ती मुलगी अजून होती. मागून कुणीतरी तिला आटप म्हणाले. ती आवाज खाली आणून, त्यांच्या ठरलेल्या वाक्यांत नसलेले बोलली.

‘‘काका, मी सांगितलं म्हणू नका. आधी कार्डावर नवीन काही घेऊ नका. आणि भरायला जाल त्या दिवशी सकाळी फोन करून त्या दिवसाचा आकडा विचारा. बिलावरचा भरू नका. बिल निघाल्यावरही रोज चढतच असतं, मग पुन्हा थोडं राहतं.’’

एवढे बोलून तिचा आवाज पुन्हा मऊ झाला, आणखी काही मदत करू का, असे विचारता झाला. तिच्यावर रागवावे म्हटले तर ते जमेना, आणि त्यामुळे माझा राग आणखीच वाढला.

मामांनी फोन ठेवला.

‘‘आयुष्यभर लोकांची वरची चिल्लर सोडलीत,’’ मामी म्हणाल्या. ‘‘तुमची सोडली का कुणी?’’

‘‘आता मीही नाही सोडणार. पै न् पै घेईन एकेकाकडून.’’

मामा असे म्हणाले तेव्हा मला त्यांच्या जबड्याची हाडे एकमेकांवर घासलेली ऐकू आली. मामी मऊ स्वभावाच्या. त्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकले नव्हते. तेव्हाही त्यांनी तो चढवला नाही.

‘‘नाही. माणसांशी माणसासारखं वागायचं. कागदाशी कागदासारखं. तुमचं चुकलं ते एवढंच, तुम्ही कागदाला माणूस समजलात. आता मला शब्द द्या. सोळा तारखेची वाट बघायची नाही. शेवटच्या पैशापर्यंत भरायचं आणि तसा कागद आणून माझ्या हातात द्यायचा. आणि हे यंत्र परत जाणार नाही. हे गेलं तर तुमचं काम जाईल, आणि काम गेलं तर तुम्ही माझ्याशी भांडत घरात बसाल. ते मला परवडणार नाही.’’

मामांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी ते त्या गणवेशवाल्या बाईंकडे गेले. त्यांच्याकडे बारा मशीन होती, शाळा उघडायला दिवस थोडे राहिले होते, आणि निम्मी मशीन टाके सोडत होती. बाईंनी मामांच्या कानाकडे पाहिले आणि झाली वाटतं सर्व्हिसिंग, असे विचारले. मामा म्हणाले, झाली, पण बिल अजून येतंच आहे. चार दिवस आम्ही दोघे त्या शेडमध्ये होतो. बारा मशीन एका वेळी चालत असताना सातव्याचे शटल घासते आहे, हे मी त्यांना ऐकवले. माझ्यावर चढलेले व्याज मीच कमावत होतो. मला त्याचा अभिमान वाटला नाही, संतापच वाटला. पण काम चोख केले.

बाईंचा हिशेब नऊ हजार साठचा झाला. त्या साठ मोजू लागल्या. मामांचा हात पुढे झाला, क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी नऊ हजार खिशात ठेवले.

‘‘वरचे राहू दे,’’ ते म्हणाले.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि थंडीत मी घोगरा ऐकतो. पण तुमच्यापाशी एकच मागणे आहे. घरात कुणाचे कार्डाचे बिल आले, तर तुमच्या तरुण डोळ्यांनी ते त्यांना वाचून दाखवा. ठळक आकडा नको, पूर्ण आकडा शोधा. तो पूर्ण भरता येणार असेल तरच ते बिनव्याजी दिवस तुमचे. नाही तर ते कुणाचेच नाहीत. आणि म्हाताऱ्यांना हसू नका. जगाने त्यांच्याशी जसे वागावे असे त्यांना वाटते, तसे ते जगाशी वागतात. लाज वाटायची तर ती जगाला वाटावी.

तर, त्या महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी मामी अंघोळीला गेल्या होत्या. मामांनी बँकेला फोन लावला आणि आजचा आकडा विचारला. बिलावर आठ हजार सातशे एकोणतीस होते. दहा दिवसांत त्याचे आठ हजार आठशे एकोणतीस झाले होते. त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला, मग तिसऱ्यांदा. मी एकेक अक्षर त्यांच्या कानात नीट पोचवले. त्यांनी तो कागदावर लिहिला, नोटा मोजल्या, त्यावर एकेकाची नऊ नाणी ठेवली, ती एकेक करून पुन्हा मोजली आणि सगळे पाकिटात घालून पाकीट आतल्या खिशात ठेवले. मग दार आवाज न करता ओढून घेतले आणि ते जिना उतरू लागले.