लेबल नसलेले सात स्वेटर

शालूचं खोकं लोणी काळभोरच्या अलीकडच्या गोदामात अडकलं आहे, असा फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा गाळत होते. फोन कुरिअर कंपनीतल्या ऋतुजा नावाच्या मुलीचा होता.

"आजी, तुमच्या पार्सलवर 'आईचे जुने कपडे' असं लिहिलंय. जुने कपडे असे येत नाहीत. कस्टम्सने होल्ड केलंय. आयटमप्रमाणे लिस्ट द्यायला लागेल, नाहीतर रिटर्न जाईल किंवा डिस्ट्रॉय होईल."

"डिस्ट्रॉय कोण करणार? तुम्ही की ते?"

"ते सिस्टिममध्ये दिसत नाही आजी."

शालू माझी धाकटी बहीण. जानेवारीत लेस्टरला वारली. बावीस वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिच्या मुलीनं, सलोनीनं फोन करून कळवलं आणि जाता जाता म्हणाली, मम्मानं एक खोकं तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय. त्यात चिठ्ठी आहे का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. असेल, एखादी ओळ तरी असेल, या आशेवर मी तीन महिने काढले होते. ते खोकं परत गेलं असतं, तर माझ्याकडे शालूचं काहीही उरणार नव्हतं.

कपड्यांच्या याद्या करण्यात माझी नोकरी गेली. कस्टम्समध्ये तेहेतीस वर्षं, त्यातली अठरा नुसत्या कपड्यांवर. बाहेरदेशाहून आलेला कपडा आधी काय आहे ते ठरवायचं, मग कुठला आहे ते. स्वेटरसारखा फासे घालून विणलेला की मागावरच्या कापडाचा. बाईचा की पुरुषाचा. पुढची उजवी बाजू डावीवर येत असेल तर बाईचा, डावी उजवीवर येत असेल तर पुरुषाचा, आणि काही केल्या कळतच नसेल तर बाईचा धरायचा. शहाऐंशी सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या मुलाचा असेल तर तान्ह्या बाळाचा. देशाचं काम अवघड. तिथं कागद आणि कपडा पुष्कळदा वेगवेगळं बोलतात. लेबल कापलेलं असलं, की मानेच्या शिवणीत त्याची चिमूटभर कड उरते. ती कड नखाला लागली, की समजायचं, कुणीतरी देश लपवतंय. माझे पहिले साहेब सांगत, कपडा उलटा केल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. मी हजारो कपडे उलटे केले.

एक तेवढा केला नाही.

दोन हजार तीन सालच्या डिसेंबरात आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मुकुंदनगरच्या कार्यालयात साठेक माणसं. शालू पाच वर्षांनी आली होती. येताना तिनं आईसाठी पुढून बटणांचा निळा स्वेटर आणला होता. आईनं तो नऊवारीवर घातला आणि येईल त्याला बाही दाखवत सांगत सुटली, "शालूनं केलाय. स्वतः."

कार्यालय मी ठरवलं होतं. गुरुजी मी, आचारी मी, आईच्या अकरा वर्षांच्या गोळ्या, पथ्य, रात्रीची उठबस मी. आणि दिवसभर ऐकत होते, शालूनं केलाय.

पंगतीत बाळमामा, आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, मोठ्यानं म्हणाला, "काय गं कुमुद, कस्टमवाली ना तू? सांग बघू, काय माल आहे तो."

मी जिलबीचं ताट घेऊन चार हात लांब उभी होते. तिथूनच म्हणाले, "यंत्रावरचा आहे. लेबल कापलं म्हणून काय झालं? चीनचा, नाहीतर बांगलादेशचा. शालू, आईला फसव, मला नको."

पंगत हसली. शालूही थोडंसं हसली. म्हणाली, "अक्का, तू म्हणशील ते."

जेवण झाल्यावर आईनं स्वेटर काढला, घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथंच राहिला. शालू दोन दिवस आधीचं तिकीट काढून गेली. पुढं आई गेली तेव्हाही आली नाही. मी पत्र लिहिलं नाही. खोटं ती बोलली, तर आधी तिनं बोलावं, असं मला वाटे. ते वाटणं इतकी वर्षं टिकेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून हडपसरची बस घेतली आणि तिथून रिक्षा.

"आजी, तिकडं नुसतं ट्रक जात्यात," रिक्षावाला म्हणाला. "काय आणायचं हाय?"

"बहिणीचे कपडे."

त्यानं आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं.

गोदामावरची अधिकारी तिशीतली होती, पूर्णिमा नावाची. मी कुठून निवृत्त झाले ते कळल्यावर उठून उभी राहिली आणि स्वतःची खुर्ची मला दिली.

"मॅडम, नियम तुम्हाला मी काय सांगू. जुन्या कपड्यांचं अख्खं गाठोडं असतं तर माझा नाइलाज होता. हे एकच खोकं आहे. प्रत्येक नग वेगळा दाखवता आला तर मी सोडू शकते. पण प्रत्येकाचा देश लागेल. तुम्ही सांगा, मी लिहिते."

तिनं पट्टी कापली. मी आधी कागद शोधला. कपड्यांच्या मध्ये, तळाशी, खोक्याच्या झाकणाखाली. चिठ्ठी नव्हती.

वर इरकली साडी होती, तिच्या लग्नात मीच दिलेली. भारत. मग दोन सुती गाऊन, लेबलं शाबूत. मग दोन निळे ॲप्रन, जाड कापडाचे, लांब बाह्यांचे, कोपरांशी विरलेले. खिशावर इंग्रजीत शालूचं नाव मशीननं भरलेलं. खिशाच्या तळाशी लोकरीचा पिंजलेला भुसा. शालू तिथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात हिशेब बघते, असं तिचा नवरा आम्हाला सांगत असे. हिशेबाला असला ॲप्रन कशाला, ते मला कळेना.

त्याखाली स्वेटर. सात. सगळे पुढून बटणांचे, उजवी बाजू डावीवर.

पूर्णिमानं माना बघितल्या. "सगळ्यांची लेबलं कापलेली आहेत. चीन टाकू का मॅडम? नाहीतर अडकून पडेल."

बावीस वर्षांपूर्वी हेच मी म्हटलं होतं. तिच्या वयाची मी तेव्हा नव्हते, एवढाच फरक.

"थांब जरा," मी म्हणाले आणि पहिला स्वेटर उलटा केला.

मानेच्या शिवणीवरून नख फिरवलं. कड नव्हती. सुईची भोकंसुद्धा नव्हती. दुसरा बघितला, तिसरा बघितला. कुणी लेबल कापलेलं नव्हतं. तिथं लेबल कधी लागलंच नव्हतं. खांद्याची शिवण यंत्रावरची होती, पण शिवण जिथं संपते तिथलं दोऱ्याचं शेपूट हातानं आत ओढून दोन आडव्या टाक्यांनी बसवलेलं. कुठल्याही कारखान्यात एवढा वेळ कुणाला नसतो. आमची आई आम्हा दोघींना परकर शिवायला शिकवताना हे करायला लावायची. शेपूट लोंबलं, तर परकर उसवून पुन्हा शिवायला लावायची.

पूर्णिमा टेपनं मापं घेत होती. "छाती छत्तीस. अडतीस. चाळीस. बेचाळीस. हाही बेचाळीस. चव्वेचाळीस. आणि हा पुन्हा अडतीस." मग ती थबकली. "मॅडम, हा खराब माल आहे. सगळ्यांची डावी बाही इंचभर आखूड आहे. सदोष लिहू?"

शालूला कडेवर घेऊन मी जिन्यावरून पडले तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि मी नऊची. तिला खरचटलंही नाही. माझ्या डाव्या कोपराचं हाड वाकडं बसलं. जन्मभर प्रत्येक शिंप्याला मी सांगत आले, डावी बाही इंचभर कमी कर.

"सदोष नाहीत," मी म्हणाले. "बरोबर मापाचे आहेत."

पूर्णिमानं माझ्या हाताकडे बघितलं. मग पाण्याची बाटली पुढं सरकवली. "घाई नाही मॅडम. पण देश? काही कागद?"

मी सलोनीला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"मावशी, मम्मा फॅक्टरीत होती ना," सलोनी म्हणाली. "स्वेटरच्या. नियरली फॉर्टी इयर्स. तुम्हाला माहीत नव्हतं? ओह. डॅड सगळ्यांना ऑफिस सांगायचे. त्यांना एम्बॅरसिंग वाटायचं."

"लेबल का नाही गं एकालाही?"

"लेबलचं टेबल लास्ट असायचं. तिथं गेलेला पीस कंपनीचा. मम्मा लंच ब्रेकमध्ये उरलेल्या लोकरीचा स्वतःसाठी एखादा करायची, बॉसला विचारून. यंत्रावर पट्ट्या विणायच्या, मग जोडायच्या. तो लेबलकडे जायचाच नाही."

"आईला आणलेला निळा?"

"तोही तसाच. शी वॉज सो प्राउड ऑफ दॅट वन."

पूर्णिमा कागदांकडे बघत बसली होती. मी विचारलं, "माझी मापं कुठून कळली तिला?"

"फॅमिली ग्रुपवर फोटो येतात ना, लग्नाबिग्नाचे. मी मम्माला दाखवायचे. ती झूम करून बघायची. म्हणायची, अक्का सुटलीय जरा. तुमच्या ऑपरेशननंतर म्हणाली, किती वाळली गं. तो लास्टवाला तेव्हाचा."

"मग पाठवले का नाहीत?"

"मी म्हणायचे पोस्ट कर म्हणून. ती म्हणायची, नको, अक्का बघेल आणि सांगेल कुठला आहे ते."

मी फोन पालथा ठेवला. गोदामात कुठं तरी लाकडी पेट्या ओढल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं पूर्णिमा हळूच म्हणाली, "मॅडम, नुसत्या फोनवर मला सही करता येणार नाही. तुम्ही लेखी द्याल का?"

मी लिहून दिलं. सातही स्वेटर मी स्वतः उलटे करून तपासले. लेबल कापल्याची खूण नाही. उत्पादनाचा देश ब्रिटन. करणारी माझी सख्खी बहीण शालू, तिथल्या स्वेटरच्या कारखान्यातली कामगार. तिचा हात मी ओळखते. नोकरीत असताना माझ्यापुढं कुणी असा कागद आणला असता, तर मी तो परत केला असता. पूर्णिमानं दोनदा वाचला आणि सही केली.

खोकं घेऊन घरी आले. ते उघडं तसंच दिवाणावर ठेवलं आणि वहीत नावं काढायला बसले. आमच्या खात्यात एखादा निर्णय चुकीचा निघाला, की शुद्धिपत्र निघे. ज्यांना ज्यांना मूळ निर्णय गेला, त्या प्रत्येकाला ते जायला हवं, अशी पद्धत होती. साठ माणसांच्या पंगतीत मी बोलले होते. आई नाही. शालू नाही. आठवतील तेवढी नावं लिहिली आणि गेलेल्यांची खोडली, तर फोन करण्याजोगी तीन उरली.

चुलतभावाच्या बायकोला, नीरजावहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुठला स्वेटर गं? मला जिलब्या गार होत्या एवढं आठवतं." मग म्हणाल्या, "शालूचं वाईट झालं हो. पण तूही आता जपून राहा."

आमोद, माझ्या चुलतबहिणीचा मुलगा, तेव्हा पंधरा वर्षांचा होता. "मावशी, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?" मी म्हटलं, नाही.

बाळमामा सत्त्याऐंशीचा आहे. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून सांगितलं, "मामा, आईच्या सहस्रचंद्राला तो निळा स्वेटर होता ना, तो शालूनंच केला होता. मी चुकीचं बोलले. लेबल कापलेलं नव्हतंच."

"ओरडू नकोस, ऐकू येतंय," तो म्हणाला. "ठाऊक आहे मला."

"म्हणजे?"

"त्याच दिवशी सांगितलं तिनं. हात धुवायच्या नळापाशी उभी होती, नळ नुसता सोडून. म्हटलं, चल, सगळ्यांसमोर सांगतो कुमुदला. तर म्हणाली, नको मामा. कारखान्यात शिवते म्हटलं, तर ह्यांची मान खाली जाईल. आणि आजचं सगळं अक्कानं केलंय, तिला चार लोकांत खोटं पाडायला नको."

मी म्हणाले, "आणि बावीस वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस का कधी?"

तो आता फोन ठेवेल असं वाटलं. त्यानं ठेवला नाही. त्याच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. मीही ठेवला नाही.