ऑरिनचे बावीस पॉइंट

मी एक म्हातारं खेचर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला गाढव म्हणायचं नाही. गाढव माझे वडील होते, आई घोडी. नाव टर्निप, वय एकोणतीस, पुढचे दात पडलेले. राहतो कोलोराडोच्या वायव्य कोपऱ्यात, ऑरिन ट्वेट आणि त्याची बायको लव्हॉन यांच्या कुंपणात.

मी सहा वर्षांचा असताना ऑरिननं मला आणलं ते एल्क वाहायला. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबरच. जवळच्या टेकड्यांवर त्याला दर वर्षी साधा परवाना मिळायचा, आणि शिकारीचं मांस पाठीवर घेऊन मी बर्फातून खाली यायचो. काय दिवस होते ते! एकदाही पाय घसरला नाही. "टर्निपसारखं जनावर शोधून सापडायचं नाही," असं ऑरिन चारचौघांत म्हणायचा. मी आपला कान टवकारून ऐकायचो.

पण त्या दोघांचा जीव अडकला होता उत्तरेच्या पठारावर. लग्न झालं त्या वर्षी दोघं तिथे तंबू ठोकून राहिली होती. तिथे पुन्हा जोडीनं शिकारीला जायचं, एवढीच हौस. तिथले परवाने मोजके, म्हणून सोडत निघते. नाव लागलं नाही की एक पॉइंट मिळतो. पुढच्या सोडतीत ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. नाव लागलं की पॉइंट पुसले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मी आलो त्याच एप्रिलमध्ये ऑरिननं पहिला अर्ज भरला, माझ्या दाण्याच्या पेटीच्या झाकणावर कागद ठेवून.

"मी पण भरू का रे?" लव्हॉननं विचारलं.

"तू कशाला? माझे पॉइंट दोघांना पुरतील की!"

असे तेरा पॉइंट झाले. पठाराला तेव्हा तेराच लागायचे. दोघांनी जोडीनं अर्ज केला, आणि नाव काही लागलं नाही. तेव्हा लव्हॉन नियमांची पुस्तिका घेऊन तरातरा कुंपणाशी आली.

"जोडीनं अर्ज केला तर ज्याचे पॉइंट कमी, तेच दोघांचे धरतात. म्हणजे आपले शून्य! तेरा वर्षांत एकदा तरी हे उघडून वाचायचं होतंस, शहाण्या!"

ऑरिन माझ्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. मला त्याचा रागही आला आणि कीवही.

तेव्हापासून लव्हॉनही अर्ज भरू लागली. पण सगळा मुलुखच पॉइंट साठवत बसलेला. ही दोघं एक पायरी चढली की जिनाच एका पायरीनं वाढायचा. बघता बघता ऑरिनचे बावीस झाले, तिचे नऊ. पठाराला आता बावीस लागत होते. ऑरिन सत्तरीचा, गुडघे कुरकुरणारे. माझ्या पाठीवर तर दोन वर्षं खोगीर चढलं नव्हतं. तरणी खेचरं आली होती, माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. वाईट वाटायचं हो.

"एकटा जा," लव्हॉन म्हणाली. "यंदा तुझं नाव लागेल. पुढच्या वर्षी तेवीस लागतील, मग चोवीस. माझ्यासाठी थांबलास तर कबरीतून अर्ज करावा लागेल आपल्याला."

"एकटा जाऊन करू काय? दगडांशी गप्पा मारू?"

"मग नंतर माझ्या नावानं खडे फोडू नकोस."

ऑरिन दोन दिवस ती पुस्तिका चाळत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं अर्ज भरला, जोडीचा, नदीपलीकडच्या खोऱ्याचा. त्या खोऱ्याला नऊ पुरत होते. जूनमध्ये दोघांची नावं लागली आणि शेजारचा डेल्बर्ट धावतच आला.

"अरे येड्या, नऊच्या खोऱ्यासाठी बावीस घालवलेस? बावीस वर्षं पाण्यात!"

"डेल्बर्ट, पठारावर लव्हॉन नसती," ऑरिन एवढंच म्हणाला.

ऑक्टोबरात निघताना लव्हॉननं हट्टानं मलाही बरोबर घेतलं. ओझं तरण्यांवर, माझ्या पाठीवर फक्त तिची गोधडी. चौथ्या सकाळी तिनं नर टिपला. फार मोठा नव्हता. ऑरिन तिचा हात धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. इतक्या वर्षांत मी त्याला असा कधीच पाहिला नव्हता.

या एप्रिलमध्ये दोघं पुन्हा कुंपणाशी आली.

"तुझे किती?" लव्हॉननं विचारलं.

"शून्य. तुझे?"

"माझेही शून्य. चला, आता कुणाला कुणासाठी थांबायला नको."

दोघं पोट धरून हसली. पठार आता त्यांना दिसायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. मला तर दिसायचं नाहीच. तरी त्यांनी अर्ज भरले.

मित्रांनो, म्हाताऱ्या जनावराला चारा भिजवून देत जा, आम्हाला चावता येत नाही. आणि ज्याच्याबरोबर जायचं आहे, ते माणूस चालतंय तोवर निघा. पठार राहिलं तरी चालेल.