फ्रेर्कच्या पायाची दोरी

"कुठल्या पायाला बांधू?" मी फ्रेर्कच्या कानात ओरडलो.

"डाव्या! उजव्याला गुदगुल्या होतात!" तो माझ्याहून मोठ्यानं ओरडला. डेल्फझाईल बंदराच्या अख्ख्या धक्क्याला कळलं असेल.

मी त्याच्या घोट्याला दोरी बांधली आणि दुसरं टोक इंजिनघराच्या झरोक्यातून वर डेकवर काढलं.

आमची 'गेसीना' मूळची फौजेतली टगबोट. लढाई संपल्यावर मालकानं तिला हिरवा रंग फासला आणि जहाजं ओढायच्या कामाला जुंपलं. जरा कुठं खरवडलं की आतून करडी फौज डोकावायचीच. इंजिनवाला फ्रेर्कही फौजेतलाच, बोटीबरोबर आलेला. त्याला खालून बाहेरचं काही दिसत नसे. वरून कप्तान घंटा वाजवणार, खाली फ्रेर्क इंजिन चालवणार. एक ठोका पुढे, दोन मागे, तीन थांब. एवढाच त्यांचा संसार. पण त्या इंजिनानं फ्रेर्कचे कान खाल्ले होते, आणि आज विम्याचा तपासनीस येणार होता. ऐकू येत नाही असं त्याला कळलं की फ्रेर्क कायमचा घरी. घरी म्हणजे कसं? मागच्या सुट्टीत त्यानं बायकोच्या शिलाई मशीनला इतकं तेल पाजलं, की लेकीच्या लग्नाचा झगा डागाळला.

"सापडलो तर मी तुला ओळखत नाही," कप्तान लुप्पो मला म्हणाला.

"मी तुमचा मेव्हणा आहे."

"म्हणूनच."

तपासनीस टेर्पस्ट्रासाहेब नवा ओव्हरकोट घालून आले. आम्ही लाकडं भरलेलं एक जहाज ओढायला घेतलं. लुप्पो घंटा वाजवायचा, मी झरोक्याशी बटाटे सोलत बसलेला, तितकेच हिसके द्यायचो. इंजिन लगेच हुकूम पाळायचं.

"वा! काय कान आहेत या माणसाचे!" साहेब म्हणाले.

"पायाच्या नखापर्यंत कान आहेत, साहेब," मी म्हणालो.

तेवढ्यात मागच्या आकड्यात ओढायचा दोर अडकला. लुप्पोनं हाक मारली. मी धावलो. साहेब माझ्या जागी बसले. माझी दोरी त्यांच्या चकचकीत बुटाला गुंडाळली गेली. माणूस टापटिपीचा. सोडवायला त्यांनी तिला दोन हिसके दिले.

फ्रेर्कनं इमानदारीत बोट मागे घेतली.

ओढायचा दोर सैल पडला आणि माझ्या पायाभोवती वेटोळं घालून बसला. मागून जहाजाचं नाक आमच्यावर चालून आलं. वरून त्या जहाजाचा कप्तान माझ्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांची विचारपूस करू लागला. लुप्पो घंटा बडवतोय, बडवतोय. ऐकणार कोण?

"साहेब, तीन! तीनदा ओढा!" मी किंचाळलो.

साहेबांनी दोरीकडे पाहिलं. झरोक्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग कचकचून तीन हिसके दिले. इंजिन थांबलं. मी पाय बुटातून उपसला, मागचं जहाज आमच्या बाजूनं सरकत पुढे गेलं, दोर ताठ झाला आणि बूट पाण्यात गेला.

मग साहेबांनी बाह्या सरसावल्या.

"पुढे जायला किती?"

"एक."

धक्का येईपर्यंत दोरी साहेबांकडेच. जीभ दातांत धरून असे हिसके देत होते, जणू मासा लागलाय. मी मागितली तर म्हणाले, "थांब रे, जमायला लागलंय."

बोट धक्क्याला लागल्यावर त्यांनी कोटाची बटणं लावली. "मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले.

आम्ही जिंकलो होतो! लुप्पोनं कपाट उघडून जिनची बाटली काढलीसुद्धा.

फ्रेर्क वर आला. दोरी मागे फरफटत होती. त्यानं माझा उघडा पाय पाहिला, माझ्या घोट्यावरचा दोराचा लाल वळ पाहिला.

"काय झालं?"

"काही नाही," आम्ही तिघं एकदम.

त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग आकड्याकडे. आकड्यापासून माझ्या पायापर्यंत त्याची नजर दोनदा गेली. तो खाली बसला, घोट्याची गाठ सोडली, दोरीची नीट गुंडाळी करून लुप्पोच्या हातात दिली.

"साहेब, लिहा. मला ऐकू येत नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"अरे बाबा, बूटच गेलाय फक्त!" मी म्हणालो. माझी पाठ थोपटून तो इंजिन बंद करायला खाली गेला.

मी झरोक्यातून वाकून पाहिलं. इंजिन धापा टाकत थांबलं. फ्रेर्कचा तळहात त्याच्यावर टेकलेला होता. शेवटची थरथर विरली, तरी त्यानं हात काढला नाही.