फाडलेल्या निकालाची प्रत

माझ्याकडे पाहून तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. पुठ्ठा कडेने विरलेला, निळ्या कापडाची पाठ फिकटलेली आणि नाडीचे एक टोक उसवलेले. पण मला खळ लावणाऱ्या बाईंचा हात इतका सफाईदार होता, की माझा एकही कोपरा अजून सुटलेला नाही.

कागदाच्या दुकानात मी चाळीस बहिणींसोबत उभी होते. एके दिवशी एक बाई आल्या. त्यांनी माझी नाडी दोनदा ओढून पाहिली, मला उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "हीच द्या. हिला खूप ओझं उचलायचंय." घरी नेऊन त्यांनी माझ्या कपाळावर ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'व्हिसा'. असे माझे बारसे झाले.

बाई शाळेत शिकवत, म्हणून घरात त्यांना मास्तरीणबाई म्हणत. म्हणजे त्यांचा नवराच म्हणे, तेवढा एकच विनोद त्याला येत असे. तो चष्म्यांच्या काचा घासण्याचे काम करी. दिवसभर यंत्राच्या घरघरीत बसून त्याची बोलायची सवयच मोडली होती. मास्तरीणबाईंनी त्याचे नाव ठेवले होते मौनीबाबा.

मास्तरीणबाई मूळच्या दुसऱ्या देशाच्या. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आल्या, मौनीबाबांशी लग्न केले आणि इथल्याच झाल्या. तिकडे त्यांची आई एकटी राहत असे. ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि या घराची झोप उडाली. फोनवर आई म्हणे, "मी ठणठणीत आहे गं." पण मागून शेजारीण ओरडे, "कसली ठणठणीत! भिंत धरून चालतात."

मास्तरीणबाई एकट्या कधीही जाऊ शकत होत्या. मौनीबाबांना मात्र तिकडे कायम राहायचा व्हिसा हवा होता, आणि तो मिळेपर्यंत एकमेकांना सोडून राहायचे नाही, असे दोघांनी ठरवले होते. म्हणून माझे पोट भरू लागले. लग्नाचा दाखला, दोघांचे फोटो, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा तपासणीचा कागद. मास्तरीणबाई रोज जेवणाच्या टेबलावर मला उघडत, कागद मोजत आणि पुन्हा बांधत. पाच मिनिटांनी पुन्हा उघडत. माझी नाडी तेव्हाच उसवली.

दहा महिन्यांनी वकिलातीचे पत्र आले. मुलाखतीची तारीख मिळाली होती, एकोणीस दिवसांनंतरची. पण खाली एक ओळ होती. अर्जदाराच्या पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा निकाल सोबत आणावा, त्याशिवाय अर्जाचा विचार होणार नाही.

मौनीबाबांचे आधी एक लग्न झाले होते. कोवळ्या वयात झाले आणि अकरा महिन्यांत मोडले. मास्तरीणबाईंना ते माहीत होते, अर्जातही त्यांनी खरे तेच लिहिले होते.

"निकाल कुठे ठेवलाय?" त्यांनी विचारले.

मौनीबाबा टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिले.

"अहो, मी काय विचारतेय?"

"फाडला," ते म्हणाले. "त्याच दिवशी. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना."

मित्रांनो, माझ्या अंगावर शहारा आला. मास्तरीणबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि माझ्यातले कागद पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन दोघे कोर्टात गेले. नोंदींच्या खोलीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "त्या वर्षीची कपाटं गेली. वरचा नळ फुटला होता. सगळा लगदा झाला."

"मग आम्ही काय करायचं?"

"दुसऱ्या पक्षाकडे मूळ प्रत असेल ना? त्यांना ती घेऊन यायला सांगा. त्यावरून मी शिक्का मारून प्रत देतो. पण ज्यांची प्रत, त्यांनी स्वतः यायचं. नुसता कागद पाठवून चालणार नाही."

दुसरा पक्ष म्हणजे मौनीबाबांची पहिली बायको. गावाच्या दुसऱ्या टोकाला ती कपडे उसवून बेतून देण्याचे दुकान चालवत होती, एवढे त्यांना ऐकून माहीत होते. दहा वर्षांत दोघे एकमेकांसमोर आले नव्हते.

"कोणत्या तोंडाने जाऊ?" मौनीबाबा म्हणाले.

"मग माझ्या तोंडाने मीच जाते," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मला काखेत मारून एकट्याच निघाल्या.

तसे त्या बोलल्या खऱ्या, पण दुकानासमोरून त्या तीन वेळा पुढे गेल्या आणि तीन वेळा मागे आल्या. आत भिंतीला लागून शिलाईयंत्र, वर टांगलेल्या विजारी, आणि तोंडात टाचण्या धरून बसलेली एक बारीक बाई.

"माप द्यायचंय?" तिने टाचण्यांमधूनच विचारले.

मास्तरीणबाईंनी आपण कोण ते सांगितले. शिलाईवालीने एकेक करून टाचण्या काढल्या आणि उशीत खोचल्या. मग हातातली विजार पुरी केली. दोरा तोडला. मास्तरीणबाई उभ्याच होत्या.

"तो आला नाही?"

"त्यांना लाज वाटते."

"वाटू दे. दहा वर्षं उशिरा का होईना." तिने पुढची विजार ओढली. "अकरा महिने मी भिंतीशी बोलले. काय चुकलं विचारलं तर गप्प. जेवण खारट झालं तर गप्प. माझे वडील गेले तेव्हासुद्धा गप्प. शेवटी कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्याचा आवाज ऐकला. 'हो' म्हणाला. बस्स."

मास्तरीणबाईंनी मला छातीशी धरले. मग त्या खरे तेच बोलल्या. "माझी आई तिकडे भिंत धरून चालते. तुमच्याकडे मागायचा मला काही हक्क नाही, हे कळतं मला. पण दुसरं दारच नाही."

यंत्र थांबले. "कागद आहे माझ्याकडे. पण तो मी हातात देणार नाही. तो माझा आहे."

"तुम्ही स्वतः आलात तर..."

"दुकान बंद करू? हंगाम आहे माझा." तिने हात झटकला. "विचार करते."

पुढचे चार दिवस कसे गेले, ते मला विचारू नका. फोन वाजला की दोघे दचकत. मास्तरीणबाईंनी मुलांच्या वह्यांत बरोबर उत्तरांवर चुकीच्या खुणा केल्या. मौनीबाबांनी एका ग्राहकाची डावी काच उजवीकडे बसवली. आणि पाचव्या दिवशी निरोप आला: उद्या सकाळी दहाला कोर्टात. त्यालाही यायला सांगा.

कारकून प्रत तयार करीपर्यंत मास्तरीणबाई खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिल्या. बाहेरच्या लाकडी बाकावर एका टोकाला शिलाईवाली, दुसऱ्या टोकाला मौनीबाबा, आणि मधे मी. असे अवघडलेले बसणे मी जन्मात पाहिलेले नाही. मौनीबाबांनी आधी घसा खाकरला. मग चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"तुझे वडील गेले," ते म्हणाले, "तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं."

तिने बाहीवरचा दोऱ्याचा तुकडा वेचून काढला.

"मला सुचलं नाही. मग उशीर झाला, म्हणून बोललो नाही. असं करत करत सगळंच राहिलं. चूक माझी होती."

तिने पर्सचा बंद खांद्यावर ओढला. मला वाटले, आता उठून जाणार.

"हे तेव्हा म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर आज मला दुकान बंद ठेवावं लागलं नसतं." ती हसली नव्हती, पण आवाजातली गाठ थोडी सैल झाली होती. "बायको चांगली आहे तुझी. तिच्याशी तरी बोलतोस ना?"

"शिकतोय," मौनीबाबा म्हणाले.

प्रत मिळाली. मूळ कागद शिलाईवालीने घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मागे वळून न बघता निघून गेली.

मुलाखतीच्या दिवशी मास्तरीणबाईंना बाहेर बसवले. मौनीबाबांच्या हातात मी होते. काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी प्रत नीट वाचली.

"पहिलं लग्न का मोडलं?"

घरी दोघांनी उत्तर घोकले होते, 'पटत नव्हतं'. दोन शब्द. मौनीबाबांनी तोंड उघडले, मिटले. मला वाटले, आता हे गप्प बसणार!

"मी बोलत नव्हतो, म्हणून," ते म्हणाले. "तिचा दोष नव्हता."

अधिकारी बाईंनी मान वर केली. "आणि बायकोच्या देशात जायचंय ते कशासाठी?"

"सासूबाई पडल्यात. ही दिवसा शाळेत शिकवेल. त्यांना धरून चालवायला घरात कोणीतरी हवं. मी काचांचं काम घरूनही करू शकतो."

बाईंनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि बाकीचे कागद माझ्यात परत सरकवले. 'हो' नाही, 'नाही' नाही. बावीस दिवस घरात कोणी मोठ्याने हसले नाही. तेविसाव्या दिवशी पासपोर्ट आला, आणि त्यात व्हिसा होता. मास्तरीणबाई जिन्यातच मटकन खाली बसल्या आणि रडल्या. मौनीबाबा शेजारी बसले, आणि या खेपेला बोलत राहिले.

आता आम्ही तिकडे आहोत. सासूबाई जावयाचा हात धरून कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जातात, आणि तक्रार करतात की जावई फार बडबड करतो. मला मात्र सगळे विसरले. तीन वर्षे मी कपाटावर पडून आहे, माझ्या अंगावर जुन्या बुटांचा खोका आहे. कोपऱ्यातून कागद खाणारी एक कसर माझ्याकडे टक लावून बघत असते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी फाईल असेल. तिच्यावरची धूळ कधीतरी झटका, तिच्यातले कागद नीट लावा. आणि रागाच्या भरात एखादा कागद फाडावासा वाटला, तर हात क्षणभर आवरा. फाडायला दोन क्षण पुरतात. तो परत मिळवायला ज्या माणसाच्या दारात जावे लागते, ते माणूस तुमच्यासाठी दुकान बंद ठेवीलच, असे नाही.