आटलेल्या नदीच्या देवीचा हात

संग्रहालयाच्या तळघरात जुनी खोकी उपसताना मूर्ती सांधणाऱ्याला मुठीत मावेल एवढा एक दगडी हात सापडला. वरच्या दालनातल्या छोट्या देवीची, दुरुस्तीआधी घेतलेली प्लास्टरची प्रतिकृती त्याने कपाटातून काढली. हात तिच्या मनगटाला अगदी चपखल बसला. तळवा पसरलेला होता. कधीच्या आटलेल्या, नावही न उरलेल्या नदीची ती देवी पाणी मागत होती.

तीस वर्षांपूर्वी उद्घाटनाची घाई होती. हात सापडत नाही, हे साहेबांना सांगायला याची जीभ रेटली नाही. मग या पठ्ठ्याने दुसऱ्याच मूर्तीचा आशीर्वादाचा हात तिला चिकटवला आणि तो बसेना म्हणून तिचं मनगटच कानशीने घासलं. आता खरा हात नेला तरी तो बसायचा नव्हता.

तरी तो हात कोटाच्या खिशात घालून तो वर गेला. देवीसमोरच्या बाकावर त्याची थोरली बहीण बसली होती. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून ती रोज त्या आशीर्वादाच्या हातापुढे येऊन बसे.

"ताई, एक सांगायचंय. हा देवीचा हात..."

"तू बसवलास, माहितीये रे. येईल त्याला सांगते मी," ती म्हणाली. "जन्मभर कामांची वाट लावलीस. आईच्या आजारपणातही तोंड लपवलंस. पण हे एक काम तुझ्या हातून चोख झालं बघ."

खिशातला पसरलेला तळवा त्याने मुठीत घट्ट दाबला आणि खाली मान घालून तो म्हणाला, "हो."